सँड प्लान्टच्या आधी स्पेक्ट्रो लॅब: फाउंड्रीवाल्यांनी एकत्र कसं यावं

मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीत फाउंड्री (धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) चालवतो. कोकणातल्या कासार्ड्याहून घाट चढून येणारी साच्यांची सिलिका वाळू एकदा वापरून फेकणं कुणालाच परवडत नाही. म्हणून मिळून रिक्लेमेशन प्लान्ट, म्हणजे वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारा सँड प्लान्ट, टाकायचा विषय निघाला, की बैठकीत सगळे हो म्हणतात. चेक द्यायची वेळ आली की माणसं पांगतात. म्हणून थेट प्लान्टला हात घालू नका.

एकाच रस्त्यावरचे पाच-सहा जण गाठा आणि आधी सामाईक स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे धातूत कार्बन वगैरे किती आहे ते सांगणारं यंत्र, घ्या. प्रत्येकाची भीती एकच असते: आपलं कॉइन (वितळलेल्या धातूचा नाण्यासारखा नमुना) त्या लॅबमध्ये गेलं, की आपली ग्रेड, म्हणजे धातूचा प्रकार, आणि गिऱ्हाईक शेजाऱ्याला कळणार. तेव्हा कॉइनवर नाव नको, फक्त नंबर. नंबरांची वही लॅबवाल्याच्या कुलपात आणि रिपोर्ट फक्त मालकाच्या हातात.

एवढ्यानं शंका जात नाही. एकाच हीटची, म्हणजे भट्टीच्या एकाच वितळणीची, दोन कॉइनं वेगवेगळ्या नंबरांनी पाठवा, तिसरं बाहेरच्या लॅबला द्या आणि आकडे सगळ्यांसमोर ताडून बघा. मात्र कॉइन नीट चिल, म्हणजे झटकन थंड, झालेलं, तोडल्यावर पांढरं दिसणारं हवं. आत ग्रॅफाइट सुटलं असेल तर कार्बनचा आकडा चुकतो. मग दोष सँपलचा असतो, पण बदनाम लॅब होते आणि बिचारा लॅबवाला शिव्या खातो. पहिल्या महिन्यात याकडे डोळ्यांत तेल घालून बघा.

अध्यक्ष असा निवडा ज्याची स्वतःची भट्टी नाही. प्रवरा साखर कारखाना उभारताना विठ्ठलराव विखे पाटलांनी अध्यक्षपदी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांना आणलं होतं. मला ती निवड फार शहाणपणाची वाटते. निवृत्त प्राध्यापक किंवा सीए आपल्याकडेही मिळतात.

गिऱ्हाइकाला लावायच्या दराचा विषय या गटात काढायचाच नाही. मिळून दर ठरवणं कायद्यातही बसत नाही. एकमेकांकडून उसन्या घेतलेल्या फेरोसिलिकॉनची (वितळलेल्या लोखंडात घालायचा मिश्रधातू) मात्र वही ठेवा: वजन, तारीख, परत कधी. ज्याची नोंद वेळेवर मिटते, त्याच्या शब्दाला पुढं वजन येतं.

वर्षभर हे सुरळीत चाललं की प्लान्टचं बोला. ग्रीन सँड (माती-पाण्यानं बांधलेली वाळू) आणि रेझिननं बांधलेली वाळू वेगळी ठेवायची, आत-बाहेर दोन्ही वेळा काट्यावर वजन करायचं, पावती दोघांकडे. सोडून जाणाऱ्याचे पैसे कधी आणि कसे परत करायचे, हेही पहिल्याच करारात लिहून घ्या.