नेट रखडतंय? नवा राउटर मागवण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

घरातलं नेट रखडायला लागलं की सहसा दोनांपैकी एक गोष्ट होते. केबलवाल्याला फोन जातो आणि तो ‘राउटर बंद करून चालू करा’ म्हणतो, नाहीतर घरातलं कुणीतरी ऑनलाइन सेलमधून सहा अँटेनांचा नवा राउटर मागवून मोकळं होतं. दोन्ही उपाय अधूनमधून लागू पडतात, म्हणून ही सवय मोडत नाही. पण ‘नेट स्लो आहे’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारींत लाइन ठणठणीत असते आणि घोळ घरातल्या वाय-फायचा असतो. अशा वेळी नवा राउटर आणून टीव्हीमागच्या त्याच कोपऱ्यात ठेवला, तर पैसे जातात आणि तक्रार तिथेच राहते. म्हणून आधी दुखणं शोधू, खरेदीचं नंतर बघू. पुढचं सगळं घरी येणाऱ्या फायबर कनेक्शनला धरून लिहिलं आहे.

पायरी १ : डब्यावरचे दिवे वाचा

भिंतीवर लावलेल्या ज्या डब्यात बारीक फायबरची वायर जाते, त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. बोलताना सगळे त्यालाही राउटरच म्हणतात आणि ते फारसं चूक नाही, कारण हल्ली वाय-फाय त्याच डब्यात असतं. त्यावरचे तीन दिवे महत्त्वाचे: पॉन (PON, फायबरची जोडणी), लॉस (LOS, सिग्नल हरवल्याची खूण) आणि इंटरनेट.

लॉसचा दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये किंवा फार क्षीण येतोय. फायबर कुठेतरी तुटली, दुमडली किंवा पिनेतून सैल झाली. राउटर शंभरदा बंद-चालू करून इथे काही होणार नाही. कपाट सरकवताना मागची पातळ वायर चेपली का, झाडलोट करताना ओढली गेली का, एवढं बघा. फायबर काटकोनात वाकलेली चालत नाही. वळण मोठं आणि सैल हवं. हिरवी पिन नीट खटकन बसली आहे ना तेही पाहा. पिन काढलीच तर तिच्या टोकाला बोट लावू नका, कारण कणभर धूळही सिग्नल खाते. टोकात डोळा घालून तर अजिबात बघू नका. आतला लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ‘काही नाहीये बघ’ म्हणत माणूस टक लावून बसतो.

लॉस विझलेला आणि पॉन लुकलुकतोय, म्हणजे प्रकाश पोचतोय पण समोरचं यंत्र तुमच्या डब्याला ओळख देत नाहीये. हे काम नेट देणाऱ्या कंपनीकडूनच व्हायचं. पॉन स्थिर हिरवा असून इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद असेल तर आधी रिचार्ज संपलाय का ते बघा. हसू नका, हे सर्रास होतं. रिचार्ज शिल्लक असेल तर लॉगिनची गडबड असू शकते. तिन्ही दिवे ठीक असतील तर पुढच्या पायरीकडे चला.

पायरी २ : एक वायर लावून लाइन आणि वाय-फाय वेगळे करा

सगळ्या लेखात एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, लॅनची वायर डब्याच्या लॅन पोर्टात आणि लॅपटॉपमध्ये लावा आणि स्पीड टेस्ट घ्या. एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊ-दहाच्या सुमारास, कारण रात्री अख्खी सोसायटी सीरियल आणि मॅच बघत असते.

वायरवर प्लॅनप्रमाणे वेग मिळतोय आणि वाय-फायवर मिळत नाही, तर लाइन निर्दोष आहे. वायरवरही कमी असेल तर दोष लाइनमध्ये, डब्यात किंवा खुद्द त्या वायरीत.

आकडा वाचताना फसू नका. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल डाउनलोडचा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये दिसतो. १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइटनेच उतरणार.

दुसरं, २०० किंवा ३०० चा प्लॅन असून वायरवर आकडा ९३-९४ च्या आसपास येऊन खिळला, तर पोर्ट १०० एमबीपीएसच्या जातीचा आहे हे जवळपास नक्की. टाकी भरलेली, पण नळ बारीक. स्वस्तातल्या डब्यांत एक पोर्ट गिगाबिटचा आणि बाकीचे १०० चे असतात. वायर दुसऱ्या पोर्टात लावून बघा. तरीही तेच झालं तर वायरीची पिन उजेडात धरा. पारदर्शक प्लास्टिकमधून आठ रंगीत तारा दिसतात. गिगाबिटला आठही लागतात. त्यातल्या एखाद्या जोडीचा संपर्क तुटला की जोडणी गुपचूप १०० वर उतरते. नेट चालू असतं, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

पायरी ३ : तीन पिंग

वेग ठीक आहे पण मीटिंगमध्ये आवाज तुटतो, गेम अडकतो, मधूनच सगळं थांबतं? मग कॉम्प्युटरवर कमांडची काळी खिडकी उघडा. ‘पिंग’ ही कमांड समोरच्या यंत्राला हाक मारते आणि उत्तराला किती वेळ लागला ते सांगते. तिच्यापुढे आधी राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, डब्याखालच्या स्टिकरवर लिहिलेलाच असतो. उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत आणि सारखं यायला हवं. वाय-फायवर थोडं पुढेमागे होतं, पण ३, ४, १८०, ६, ४०० असं उड्या मारत असेल तर घरातलं वाय-फाय आजारी आहे. बाहेरच्या लाइनला दोष देऊ नका.

राउटरचं उत्तर शांतपणे येतंय, तर आता ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग करा. इथे उत्तरं गळायला लागली तर गडबड राउटरच्या पलीकडे आहे. या पडद्याचा फोटो काढून ठेवा, तक्रारीला कामाला येतो. शेवटी एखाद्या वेबसाइटच्या नावाला पिंग करा. आकड्याला उत्तर येतंय आणि नावाला येत नाही, तर दोष बहुधा डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ लिहा. ‘व्हॉट्सॲप चालतं पण साइट उघडत नाहीत’ या तक्रारीला बऱ्याचदा एवढंच औषध असतं.

पायरी ४ : प्रकाश किती येतोय ते बघा

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून लॉगिन करा आणि स्टेटसच्या पानावर ‘ऑप्टिकल’ किंवा ‘पॉन’ नावाचा भाग शोधा. तिथे ‘आरएक्स पॉवर’ उणे आकड्यात दिसते. साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएम ही चालण्याची हद्द. उणे १८, उणे २१ असेल तर निर्धास्त राहा. उणे २६-२७ म्हणजे काठावर: आज चालेल, पाऊस-वाऱ्यात लाइन हलली की लॉस लाल होईल. आकडा उणे असल्यामुळे गोंधळ होतो. २७ हे २० पेक्षा वाईट. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे उणे २० वरून उणे २६ वर आलात तर पाव भागच उरला.

लाइनमन येऊन जोड देऊन गेला की लगेच हा आकडा बघायचा आणि त्याच्यासमोर बघायचा. चांगला लाइनमन स्वतःच मीटर लावून दाखवतो.

पायरी ५ : वाय-फायची जागा आणि चॅनल

दोष वाय-फायचा निघाला तर पहिला उपाय फुकट आहे: डबा हलवा. सिमेंट काँक्रीटच्या भिंती आणि स्लॅबमधलं लोखंड, गोदरेजचं कपाट, मोठा आरसा, फ्रिज, फिश टँक हे सगळे सिग्नल अडवतात. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात तर माजघरातलं वाय-फाय पडवीत पोचताना धापा टाकतं. राउटर घराच्या मध्याजवळ, छातीच्या उंचीला किंवा वर, मोकळ्यावर ठेवा. शोकेसच्या आत, वर क्रोशाचा रुमाल घालून ठेवू नका. उष्णतेनेही तो अडखळतो.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोचतो, पण फ्लॅटच्या इमारतीत तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांची मारामारी असते. तिथे १, ६ किंवा ११ यांपैकीच चॅनल निवडा, कारण मधले चॅनल दोन्ही बाजूंना घासतात. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण दोन भिंतींनंतर दमतो. टीव्ही, लॅपटॉप ५ वर घ्या आणि लांबचा कॅमेरा, स्मार्ट बल्ब २.४ वर ठेवा. बल्ब आणि स्वस्त कॅमेऱ्यांना बहुधा ५ चा पट्टा पकडताच येत नाही, त्यामुळे जोडणी होत नसेल तर दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या. टीव्ही जागचा हलत नाही, मग त्याला सरळ वायरच लावा ना.

पायरी ६ : घ्यायचाच असेल तर काय बघून घ्यायचा

एवढं करूनही भागत नसेल, किंवा कंपनीचा डबा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा असेल, तर खरेदी रास्त आहे. अँटेना मोजू नका. खोक्यावरचा ‘३०००’, ‘५४००’ असला आकडा ही सगळ्या पट्ट्यांच्या कागदी वेगांची बेरीज असते, एका फोनला ती कधीच मिळत नाही.

आधी मागचे पोर्ट बघा, सगळे गिगाबिट हवेत. मग वाय-फाय ६: आज घेताय तर याच्या खाली जाऊ नका, कारण घरात फोन, टीव्ही, कॅमेरे मिळून पंधरा-वीस उपकरणं सहज होतात आणि एकाच वेळी अनेकांना सांभाळण्यातच त्याची खरी कमाल आहे. वाय-फाय ७ साठी जास्तीचे पैसे मोजण्याची बहुतेक घरांना अजून गरज नाही. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३, म्हणजे वाय-फायच्या पासवर्डचं नवं कुलूप, हवं, आणि राउटर बनवणारी कंपनी सॉफ्टवेअर अपडेट देत राहते का ते बघा.

ऑनलाइन घेताना एक फसगत हमखास होते. ‘मॉडेम राउटर’ असं नाव वाचून लोक डीएसएलचा डबा मागवतात. त्यावर टेलिफोनच्या छोट्या पिनेचं भोक असतं. तो तांब्याच्या तारेवरच्या जुन्या ब्रॉडबँडसाठी आहे. फायबरच्या डब्यामागे लावायला साधा राउटर हवा, ज्याला ‘वॅन’ लिहिलेला पोर्ट असतो. फायबरचा डबा बदलायचा असेल तर तो परस्पर विकत घेऊ नका, कंपनीने नोंदवून दिल्याशिवाय तो चालत नाही.

दोन मजली बंगला किंवा लांबट घर असेल तर एकच ‘पॉवरफुल’ राउटर शोधण्यापेक्षा दोन-तीन नगांचा मेश संच (मिळून एकच वाय-फाय पसरवणारे डबे) घ्या, आणि जमलं तर ते आपसात लॅनच्या वायरीने जोडा. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा स्वस्त रिपीटर हा नाइलाजाचा उपाय: तो एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. घेतलातच तर जिथे सिग्नल मेलाय तिथे लावू नका, अर्ध्या वाटेवर लावा.

पायरी ७ : नवा राउटर जोडताना

कंपनीच्या डब्याच्या लॅन पोर्टातून वायर काढून नव्या राउटरच्या वॅनमध्ये लावा आणि नवा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वाय-फाय पसरवेल, बाकी काम जुना डबाच करेल. बहुतेक घरांना एवढं पुरतं. जुन्या डब्याचं वाय-फाय बंद करायला विसरू नका, नाहीतर दोघं शेजारी बसून एकमेकांवर ओरडत राहतात. राउटर मोडवरच ठेवायचा असेल तर दोघांचे पत्ते वेगळे असू द्या, दोन्ही १९२.१६८.१.१ असतील तर नेट चालणार नाही.

आणि ते सुईने दाबायचं रिसेटचं भोक. कंपनीच्या डब्यावर त्याला हात लावू नका. साधं बंद-चालू करणं वेगळं. रिसेटने आतलं लॉगिन आणि व्हीलॅनचे (कंपनीच्या जाळ्याशी जुळवणारे) आकडेही पुसले जाऊ शकतात आणि मग लाइनमन येईपर्यंत बसून राहावं लागतं. काही बदलण्याआधी सेटिंगच्या पानांचे फोटो काढा. डब्यावर छापलेला वाय-फायचा आणि ॲडमिनचा पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला, आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा.

पायरी ८ : अडॅप्टर आणि वीज

राउटर स्वतःहून मधूनच बंद होऊन चालू होत असेल तर आधी अडॅप्टरवर संशय घ्या. बदलताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. १२ व्होल्टच्या जागी ९ चा खुपसू नका. लाइट जात असेल तर राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तोही व्होल्ट बघूनच घ्या. काही ठिकाणी केबलवाला गच्चीवरच्या नेटवर्क स्विचमधून (नेट वाटणाऱ्या डब्यातून) तांब्याची लॅन वायर खाली सोडतो. तसं असेल तर विजांच्या कडकडाटात ती वायर काढून ठेवा, नाहीतर राउटरचा वॅन पोर्ट जळू शकतो. फायबरला ही भीती नाही, पण अडॅप्टर तेव्हाही काढलेला बरा.

पायरी ९ : तक्रार अशी करा

‘नेट चालत नाही’ एवढंच सांगितलंत तर पलीकडून बंद-चालू करा हेच उत्तर येणार. त्याऐवजी सांगा: ‘लॉस लाल आहे’, किंवा ‘आरएक्स उणे २८ आहे’, किंवा ‘वायरवर रात्री नऊला २०० पैकी ४० मिळतात, सकाळी १९०’. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका आणि तो लिहून ठेवा. दाद लागली नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांनी ही दुसरी पायरी ठेवलेली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथेही ते आधी कंपनीकडचा तक्रार क्रमांकच विचारतील.