फ्रेम रेटच्या या चुका टाळा, कारण एडिटिंगला त्या दुरुस्त होत नाहीत

लघुपट, माहितीपट आणि समारंभांची चित्रणे यांचे संकलन हे माझे रोजचे काम आहे. माझ्याकडे आलेली हार्ड डिस्क उघडली की बहुतेक वेळा पहिल्या पाच मिनिटांतच लक्षात येते की फ्रेम रेट, म्हणजे कॅमेऱ्याने सेकंदाला किती चित्रे (फ्रेम) घ्यायची तो आकडा, कोणी ठरवलेलाच नव्हता. कॅमेरा हातात आला तेव्हा ज्या आकड्यावर होता, त्याच आकड्यावर सगळे शूटिंग उरकलेले असते. रंग थोडा बिघडला तर सावरता येतो, आवाजातला गोंगाट कमी करता येतो, प्रसंगांचा क्रमही बदलता येतो. फ्रेम रेट चुकला असेल तर मात्र नंतर जे काही करावे ते ठिगळच ठरते आणि ते पडद्यावर दिसते. हा आकडा ठरवताना दोन प्रश्न विचारायचे असतात. चित्रण शेवटी कोठे दाखवले जाणार आहे, आणि ते कोणत्या दिव्यांखाली होणार आहे? दुसरा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो.

ट्यूबलाइटखाली ३० फ्रेम आणि १/६० शटर

काही वर्षांपूर्वी इचलकरंजीतल्या एका मागाच्या कारखान्यात चित्रित केलेली मुलाखत माझ्याकडे आली. आयुष्यभर कांड्या भरण्याचे काम केलेल्या एक वृद्ध बाई आपली हकिगत सांगत होत्या, आणि त्या इतक्या मोकळेपणाने बोलत होत्या की विषय निवडणाऱ्या मुलांचे मला मनापासून कौतुक वाटले. कॅमेरा भाड्याने आणलेला होता आणि त्याच्या मेनूत एनटीएससी (अमेरिकी दूरचित्रवाणीचे मानक) ही निवड तशीच राहिली होती. त्यामुळे फ्रेम रेट ३० आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, ‘फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवावा’ या नियमाने सेकंदाचा १/६०. छताला जुन्या चोकच्या ट्यूबलाइट होत्या. कॅमेऱ्याच्या बोटभर पडद्यावर सगळे व्यवस्थित दिसले असणार. माझ्या मॉनिटरवर मात्र बाईंच्या चेहऱ्यावरून मळकट आडवे पट्टे सतत थरथरत सरकत होते, आणि त्यांच्या पांढऱ्या पदरावर तर ते इतके ठळक होते की बोलण्याकडे लक्षच लागेना.

मी दोन दिवस त्या पट्ट्यांवर घालवले. लुकलुक कमी करणारे प्लगइन लावले तेव्हा पट्टे फिके झाले, पण त्यांच्याबरोबर गालांवरच्या बारीक सुरकुत्या पुसल्या गेल्या आणि मागे ताणलेले सूत विरघळल्यासारखे दिसू लागले. पुन्हा चित्रण करावे म्हणून फोन केला, तोवर त्या कारखान्यातले माग भंगारात गेले होते. शेवटी चित्रपटात त्यांचा आवाज राहिला आणि चेहरा फक्त चार शॉटमध्ये, दाराजवळ दिवसाच्या उजेडात घेतलेल्या.

यामागचे कारण समजायला अवघड नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, त्यामुळे अशा दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाचे बरोबर दोन ठोके सामावतात, १/१०० असेल तर बरोबर एक. १/६० ला मात्र दीडाहून थोडे जास्त ठोके येतात आणि तो अर्धवट उरलेला ठोका फ्रेमच्या कोणत्या भागात पडेल हे प्रत्येक वेळी बदलते. सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, म्हणून हा फरक पट्ट्यांच्या रूपाने दिसतो. फ्रेम रेट २५ असेल तर १०० ला २५ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे शटर चुकला तरी पट्टे जवळपास एका जागी थांबतात. ३० ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून ते धावतात. अमेरिकेतली वीज ६० आवर्तनांची आहे आणि तेथे ३० फ्रेम व १/६० हा जोड अगदी बरोबर आहे. आपले नवशिके शिकतात ते बहुतेक तिकडचेच व्हिडिओ पाहून, आणि तिकडचा आकडा जसाच्या तसा उचलतात.

माझी सवय सांगतो. भारतात दिव्यांखाली काम असेल आणि दुसरे काही सबळ कारण नसेल तर २५ फ्रेम आणि १/५० शटर. चित्रपटगृहासाठी २४ हवे असेल तरी शटर १/५० च ठेवावा, १/४८ च्या मागे लागू नये. परदेशातल्या ग्राहकाने ३० च मागितले असेल तर ३० ठेवावे, पण शटर १/५० किंवा १/१०० असावा. मेनूतली एनटीएससी-पॅल (पॅल म्हणजे आपल्याकडचे २५ फ्रेमचे मानक) ही निवड बदलल्यावर काही कॅमेरे कार्ड पुन्हा फॉरमॅट करायला लावतात, म्हणून हे काम शूटिंगच्या सकाळी न करता आदल्या रात्री करावे. आयफोनवर २५ चा आकडा आपोआप दिसत नाही. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात रेकॉर्ड व्हिडिओ, आणि तेथे पॅल फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय सुरू करावा लागतो. स्वस्त एलईडी दिवे आणि डिमर यांची लुकलुक वेगळ्याच गतीची असू शकते, तेथे हिशेब चालत नाही. जागेवर पोहोचलो की सगळे दिवे लावून तीस सेकंदांचे चित्रण करावे आणि ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर न पाहता लॅपटॉपवर पाहावे. यात पाच मिनिटे जातात, आणि ही पाच मिनिटे द्यायला तयार नसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या आयुष्याची हकिगत चित्रित करायला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

‘सगळे ६० ला काढू, एडिटला बघू’

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते ऐकताच मी काम स्वीकारण्याआधी समोर बसवून बोलतो. कल्पना अशी असते की ६० फ्रेमना चित्रण केले तर पाहिजे तेथे स्लो मोशन करता येईल आणि बाकीचे साध्या गतीत चालेल. पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही.

२५ च्या टाइमलाइनवर (एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप क्रमाने मांडतात त्या पट्टीवर) ६० ची क्लिप साध्या गतीत चालवायची म्हणजे प्रत्येक २.४ फ्रेममधली एक ठेवायची. असा भाग सारखा पडत नाही, म्हणून सॉफ्टवेअर कधी दोन तर कधी तीन फ्रेम पुढे उडी मारते. माणूस स्थिर बसून बोलत असेल तर ते कळत नाही, पण रस्त्यावरून जाणारी दुचाकी किंवा सरकता कॅमेरा असेल तर बारीक हिसके बसतात. २४ च्या टाइमलाइनवर हा हिशेब २.५ चा होतो आणि अडचण तीच राहते. ५० मधून २५ किंवा ६० मधून ३० काढले तर एकाआड एक फ्रेम उचलली जाते, तेथे गती सरळ राहते.

त्याहून मोठे नुकसान हालचालीतल्या धूसरपणाचे होते. ६० फ्रेमसाठी शटर १/१२० ठेवला जातो, त्यामुळे हलणाऱ्या हाताची प्रत्येक प्रतिमा कोरीव येते. त्यातल्या निम्म्याहून जास्त फ्रेम टाकून दिल्यावर उरलेल्या कोरीव प्रतिमा एकमेकींशी जोडल्या जात नाहीत. लावणीतली गिरकी किंवा लेझमीचा हात अशा चित्रणात तुटक दिसतो. २५ ला १/५० ने घेतलेल्या फ्रेममध्ये हाताची जी पुसट रेघ उमटते, तीच डोळ्याला एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये नेते. शिवाय शटर १/५० वरून १/१२० वर नेला की निम्म्याहून अधिक उजेड जातो, म्हणजे संध्याकाळच्या मांडवात आयएसओ (उजेडासाठीची कॅमेऱ्याची संवेदनशीलता) वाढवावा लागतो आणि चित्र खरखरीत होते. आणि दिव्यांच्या १०० ठोक्यांचा प्रश्न १/१२० ला पुन्हा उभा राहतोच.

स्लो मोशन कोणत्या शॉटला हवे हे कागदावर ठरवावे आणि तेवढेच शॉट वेगळे घ्यावेत. २५ च्या टाइमलाइनवर ५० ची क्लिप निम्म्या गतीने आणि १०० ची क्लिप पाव गतीने चालते. १२० ला शटर १/१२० पेक्षा हळू ठेवताच येत नाही, म्हणजे १/१०० मिळत नाही, त्यामुळे चोकच्या ट्यूबलाइटखाली १२० टाळावे आणि असे शॉट उन्हात घ्यावेत. अनेक कॅमेरे स्लो मोशनच्या खास मोडमध्ये आवाज नोंदवत नाहीत, हेही आधी तपासावे. मंगलाष्टकांच्या वेळी तो मोड सुरू राहिलेले एक चित्रण माझ्याकडे आले होते. अक्षता अतिशय सुंदर पडत होत्या आणि मंगलाष्टकांचा एकही शब्द नव्हता.

मोबाइलचा बदलता फ्रेम रेट

अनेक मोबाइल ३० लिहितात, पण प्रत्यक्षात सतत ३० देत नाहीत. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की फ्रेममधले अंतर बदलते, आवाज मात्र आपल्या गतीने पुढे जात असतो. सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, वीस मिनिटांनी जुळत नाहीत.

एका भजनी मंडळाच्या कार्यक्रमाचे चित्रण दोन कॅमेरे आणि एक मोबाइल यांवर झाले होते. मोबाइल अगदी पखवाजासमोर होता, म्हणजे जेथे चूक लपणारच नाही तेथे. पहिल्या अभंगाला थाप आणि हात बरोबर होते, चौथ्या अभंगाला हात आधी उतरत होता आणि आवाज मागून येत होता. मी क्लिप सरकवत गेलो, पण एका जागी जुळवली की पुढे पुन्हा सुटत होती, कारण फरक स्थिर नव्हता. अशी फाइल आधी हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटला बदलून घ्यावी आणि मगच टाइमलाइनवर आणावी. फाइल स्थिर आहे की बदलती हे मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर सांगते. मी नवी डिस्क आली की सगळ्या फाइल त्यातून पाहतो आणि त्यानंतरच एडिटिंगचे सॉफ्टवेअर उघडतो.

२४ म्हणजे २३.९७६ नव्हे

फाळक्यांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत, त्यामुळे गती फिरवणाऱ्याच्या हातावर असे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले तेव्हा गती पक्की करणे भाग पडले, कारण चित्र थोडे हळू झालेले डोळा सोसतो, पण सूर उतरलेला कानाला लगेच कळतो. तेव्हापासून चित्रपटाला २४ फ्रेम लागू झाल्या. १९५३ मध्ये अमेरिकेने रंगीत दूरचित्रवाणीचे मानक स्वीकारले तेव्हा रंगाचा संकेत ध्वनीच्या संकेतात मिसळू नये म्हणून ३० चे २९.९७ केले, आणि त्याच प्रमाणात २४ चे २३.९७६ झाले. आपल्या दूरचित्रवाणीने २५ चे पॅल मानक घेतल्यामुळे या अपूर्णांकांशी आपला मूळचा संबंध नाही, पण कॅमेऱ्यांच्या मेनूंतून ते आपल्याकडे आले.

फरक हजारात एकाचा आहे, तरी एका तासाला ३.६ सेकंद होतात. आवाज नोंदवणाऱ्याच्या यंत्रावर २४ आणि कॅमेऱ्यावर २३.९७६ लावलेले असेल आणि एडिटिंगला दोन्ही एकच समजून जुळवले, तर दहा मिनिटांच्या सलग शॉटमध्ये अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक पडतो. दोघांनी शूटिंगआधी दशांशासकट आकडा एकमेकांना वाचून दाखवावा.

टाइमलाइन न पाहता क्लिप ओढणे

दाविंची रिझॉल्व्हमध्ये पहिली क्लिप आणली की प्रोजेक्टचा फ्रेम रेट तिच्याप्रमाणे बदलायचा का, असे सॉफ्टवेअर विचारते. घाईत ‘बदला’ दाबले आणि ती क्लिप मोबाइलची असली, तर पुढचे सगळे काम तिच्या आकड्यावर होते, आणि मीडिया आत आल्यावर प्रोजेक्टचा हा आकडा बदलता येत नाही. मी नवा प्रोजेक्ट उघडल्यावर सर्वांत आधी सेटिंग्जमध्ये जाऊन फ्रेम रेट लिहितो. तोवर एकही क्लिप आत आणत नाही.

चित्रपटगृहाचा विचार शेवटी करणे

चित्रपटगृहासाठीच्या डीसीपीत, म्हणजे तेथे दाखवण्यासाठी तयार केलेल्या डिजिटल प्रतीत, २४ हा सर्वत्र चालणारा आकडा आहे. २५ ला केलेला चित्रपट तेथे न्यायचा तर सामान्यतः तो २४ च्या गतीने चालवतात, म्हणजे ९० मिनिटांचा चित्रपट ९३ मिनिटे ४५ सेकंदांचा होतो. आवाजही त्याच प्रमाणात संथ केला तर सूर उतरतो, आणि तोही अर्धवट जागी: काळी दोनमध्ये गायलेले गाणे काळी दोनमध्ये राहत नाही आणि पांढरी दोनपर्यंत पोहोचतही नाही. सॉफ्टवेअरने सूर परत वर आणता येतो, पण पेटी आणि तंबोऱ्याच्या नादात त्याची खूण राहते. महोत्सवाला किंवा चित्रपटगृहाला पाठवायचे मनात असेल तर पहिल्या दिवसापासून २४ आणि १/५० ठेवावे.

काही छोट्या गोष्टी

२४ किंवा २५ ला जलद पॅन करू नये, म्हणजे कॅमेरा आडवा झपकन फिरवू नये. समोरची वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सात सेकंद द्यावेत हा जुना छायाचित्रकारांचा अंदाज आजही उपयोगी पडतो.

जुन्या कॅमेऱ्यातल्या ‘५०आय’ म्हणजे ५० फ्रेम नव्हेत. ते २५ फ्रेमचे ५० अर्धे भाग असतात, आणि ते डीइंटरलेस न करता, म्हणजे अर्ध्या भागांपासून पूर्ण फ्रेम न बनवता, एक्स्पोर्ट केले तर हलणाऱ्या कडांना कंगव्यासारखे दात येतात.

२४ चे चित्रण ‘गुळगुळीत’ करायला ६० ला एक्स्पोर्ट करू नये. फ्रेम तेवढ्याच राहतात, फक्त असमान वेळ दिसतात.

घरच्या टीव्हीवर पाहून चित्रण मालिकेसारखे सपाट वाटले, तर आधी टीव्हीच्या मेनूत जाऊन मोशन स्मूदिंग बंद करावे. तो टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः तयार करत असतो, आणि तुम्ही पाहता आहात ते तुमचे चित्रण नसते.