गाडीत दुसरी बॅटरी बसवताना: वायरिंग शिकायला लागलेल्यांसाठी

गाड्यांचं वायरिंग शिकताना मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते एका व्हॅनचं. दुसरी बॅटरी बसवायची आणि तिच्यावर छोटा फ्रीज, दिवे चालवायचे. काम झालं, सगळं चालू करून दाखवलं. दोन दिवसांत गाडी परत आली. फ्रीज सुरू व्हायचा आणि लगेच बंद पडायचा. मी फ्रीजचा प्लग काढून सॉकेटवर मीटर लावला, 12.6 व्होल्ट. बॅटरी भरलेली, वीज पोचतेय, म्हणजे फ्रीजच बिघडलाय असं मी सांगून मोकळा झालो.

वस्तादांनी फ्रीज परत जोडला आणि तो सुरू होत असतानाच मोजायला सांगितलं. बॅटरीवर 12.4, सॉकेटवर 10.9. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी सॉकेटच्या प्लसवर: 0.6 व्होल्ट. तसंच मायनसकडे: 0.9. दीड व्होल्ट वाटेतच जात होता. प्लसची वायर मी बारीक, 1 चौरस मिमीची घेतली होती, आणि बॉडी अर्थचा, म्हणजे मायनस गाडीच्या पत्र्याला जोडण्याचा बोल्ट रंगावरच आवळला होता. करंट वाहत नसेल तर वायरमध्ये व्होल्टेज पडत नाही, म्हणून रिकाम्या सॉकेटवर मीटर सगळं ठीक दाखवतो. तेव्हापासून मी लोड टाकल्याशिवाय, म्हणजे उपकरण चालू केल्याशिवाय कुठलंही रीडिंग खरं धरत नाही.

वायर किती जाड घ्यायची याचं गणित सोपं आहे, ते हाताने करायची सवय लावा. 1 चौरस मिमी तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण 0.0172 ओहम. फ्रीज बॅटरीपासून 5 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 10 मीटर धरायचे. परतीची वाट नवशिके हमखास विसरतात. 10 अँपिअर करंटला 2.5 चौरस मिमीच्या वायरमध्ये सुमारे 0.7 व्होल्ट पडतो, 6 चौरस मिमीच्या वायरमध्ये 0.3. मी तीन टक्क्यांच्या आत, म्हणजे 12 व्होल्टला साधारण 0.36 व्होल्टच्या आत ठेवतो. वर तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशीही वायर मिळते. तिचा रोध बराच जास्त असतो. टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर घेऊ नका.

अर्थ घेताना पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावा. हल्ली बऱ्याच गाड्यांत मूळ बॅटरीच्या मायनसवर बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे आपली मायनस थेट टर्मिनलवर न जोडता बॉडीवर घ्यायची, नाहीतर सेन्सरचा हिशेब चुकतो.

फ्यूज वायरसाठी असतो, उपकरणासाठी नव्हे. हे एकदा डोक्यात बसलं की तो कुठे लावायचा हे विचारावं लागत नाही: बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. मधे पत्र्याच्या भोकातून वायर जात असेल तर ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारी रबरी रिंग, हवीच. कच्च्या कडेवर इन्सुलेशन घासून शॉर्ट झाला आणि फ्यूज पलीकडच्या टोकाला असला, तर त्याचा काही उपयोग नाही. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या वायरला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो, कारण करंट दोन्हीकडून येऊ शकतो.

थिंबल (वायरच्या टोकाला लावायचं धातूचं टोपण) नीट क्रिंप करायला, म्हणजे दाबून घट्ट बसवायला शिका, चांगल्या क्रिंपरवर खर्च करा. क्रिंपऐवजी सोल्डर केलं तर तो तारांमध्ये वर चढतो, तेवढा भाग ताठ होतो आणि गाडीच्या हादऱ्यांनी नेमका तिथेच तुटतो. क्रिंप झालं की मी प्रत्येक थिंबल जोर लावून ओढून बघतो.

दुसरी बॅटरी चार्ज कशी करायची? जुन्या गाडीत लेड-अ‍ॅसिड बॅटरीला रिले, म्हणजे इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच, पुरतो. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) व्होल्टेज कमी-जास्त करत राहतो. तिथे आणि लिथियम बॅटरीला डीसी-डीसी चार्जर लावा, तो येणारं व्होल्टेज दुसऱ्या बॅटरीला हवं तसं करून देतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही.

पिवळ्या आवरणातल्या वायर साधारणपणे एअरबॅगच्या असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. काम सुरू करताना मायनस आधी काढा, शेवटी तीच जोडा. गाडी देण्यापूर्वी सगळे लोड अर्धा तास चालू ठेवा आणि प्रत्येक फ्यूजहोल्डरला, थिंबलला हात लावून बघा. जो जोड गरम लागेल तो उघडून पुन्हा करा.