कोंबडीचं दुखणं हाताला आधी कळतं

माझी बुटकी गेली ती माझ्याच हाताने. मलूल दिसत होती, पाणी पीत नव्हती, म्हणून मी तिची चोच उघडून ड्रॉपरने पाणी सरळ घशात सोडलं. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पाणी फुप्फुसात गेलं आणि दोन मिनिटांत तिने माझ्या मांडीवर मान टाकली. मूळ दुखणं बहुधा साधंच होतं. तेव्हापासून पाणी पाजायचं तर एकेक थेंब चोचीच्या कडेला लावते. थेंब आत ओघळतो, ती चोच हलवून गिळते, मग पुढचा. वेळ लागतो, लागू दे.

कोंबडी आजार लपवते. कळपात अशक्त दिसली की बाकीच्या टोचायला येतात, म्हणून ती अगदी शेवटापर्यंत दाणे टिपल्याचं सोंग करते. चोच खाली जाते, पण दाणा उचलला जात नाही. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात उभी राहिलेली कोंबडी आपल्याला दिसते, तोवर दोन-तीन दिवस गेलेले असतात. म्हणून मी नजरेवर विसंबत नाही. दर आठवड्याला, कोंबड्या खुराड्यात दांडीवर बसल्या की एकेकीला काखेत घेऊन चाचपते. छातीच्या मधलं हाड नेहमीपेक्षा धारदार लागलं, तर ती खात नाहीये किंवा खाल्लेलं अंगी लागत नाहीये. पोट पाण्याने भरल्यासारखं ताठ लागलं तर गंभीर. तुरा आणि चोचीखालची लोंबती कातडी फिकट झाली असेल तर रक्त कमी पडतंय. निळसर-जांभळी झाली असेल तर श्वासाची किंवा हृदयाची तक्रार असू शकते. आणि तिच्या पाठीला कान लावून ऐकते. दिवसा गोंगाटात न कळणारी घरघर रात्री स्वच्छ ऐकू येते.

निरोगी कोंबडी हाताला कशी लागते हे माहीत नसेल तर यातलं काहीच कळणार नाही. धडधाकट असतानाच तिला उचलायची सवय लावा. तिच्या अंगाचं तापमान 41 ते 42 अंश सेल्सिअस असतं, म्हणून आपल्या हाताला ती नेहमीच गरम लागते. ‘ताप आलाय’ म्हणून घाबरू नका. मीही एकदा घाबरले होते.

सकाळी खुराडं उघडलं की आधी शीट बघायची. घट्ट, तपकिरी-हिरवट आणि वर पांढरी टोपी, ही चांगली शीट. मधूनच येणारी चिकट, चॉकलेटी, नाक दाबायला लावणारी शीटही नेहमीचीच. ती आतड्याच्या शेवटच्या पिशव्यांमधून येते. पिलांच्या शीटेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून अँप्रोलियम हे औषध पाण्यातून सुरू करा. उशीर झाला तर पिलं पटापट जातात.

संशय आला की पहिलं काम औषध नव्हे, वेगळं ठेवणं. खोका, खाली कोरडा भुसा, कडेला हातभर अंतरावर ऊब देणारा बल्ब आणि त्यापासून दूर सरकायला तिला जागा. वेगळं ठेवल्याने लागण टळते हे खरंच. पण तिने किती खाल्लं, शीट कशी झाली, अंडं दिलं की नाही, हे नेमकं तिथेच कळतं.

सर्वात जास्त वेळा माझ्यासमोर आलं ते अडकलेलं अंडं. कोंबडी शेपूट खाली करून ताठ उभी राहते, कुंथते, खुराड्यात आत-बाहेर करते, अंडं काही येत नाही. टबात कोमट पाणी घ्या, कोपर बुडवून बघा, चटका बसता कामा नये. पोट बुडेल इतक्या पाण्यात तिला वीस मिनिटं धरून बसवा. माझी मोरी पहिली पाच मिनिटं फडफडते, मग डोळे मिटून घेते. नंतर कोरडी पुसून, मागच्या द्वाराला थोडं तेल लावून अंधाऱ्या उबदार खोक्यात सोडा. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका. आत फुटलं तर कवचाने जखम होते. काही तासांत सुटली नाही तर डॉक्टरांकडे न्या. चोवीस तासांच्या पुढे हे जिवावर बेततं. पुन्हा पुन्हा होत असेल तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा.

दुसरी तक्रार गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीची. संध्याकाळी ती भरलेली असते, सकाळी रिकामी हवी. सकाळीही गोळा घट्ट लागला तर लांब गवत वगैरे आत गुंतलंय: दाणे बंद, पाणी चालू, दिवसातून तीन-चारदा हलक्या हाताने चोळा. मऊ, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी आणि तोंडाला आंबूस वास असेल तर आत बुरशी वाढलीय. त्याला औषध लागतं. उलटी टांगून ती रिकामी करायचा सल्ला ऐकू नका. बुटकी आठवा.

तुरा फिकट, अंडी कमी, आणि रात्री दांडीवर बसायला नाखूश? अंधारात पांढरा कागद दांडीच्या खालून फिरवा. लाल रेघा उमटल्या तर रक्त पिणारे किडे फटींत लपलेत. दोष कोंबडीत नाही, खुराड्यात आहे. भुसा काढून जाळा, फटींत उकळतं पाणी ओता आणि आठवड्याने तेच पुन्हा करा, कारण किड्यांच्या अंड्यांतून नवे निघतात.

कोंबड्यांनाही देवी येतात; त्या खपल्या ओढू नका, आपोआप गळतात. तोंडात पांढरे चट्टे आले तर मात्र डॉक्टर. मानमोडीला, म्हणजे राणीखेत रोगाला, औषध नाही, लस आहे, आणि ती आधीच द्यायची असते. एक-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या पटापट मेल्या तर मेलेल्यांना हात लावू नका, कापू नका, सरकारी पशुवैद्यकांना कळवा.

आणि कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसली, किंवा पिसं झडून नवी येत असली, तर ती आजारी नाही. मी एका खुडूक कोंबडीला आठवडाभर औषध पाजलं होतं. ती फक्त चिडली होती.

औषध डॉक्टरांच्याच मापाने, आणि त्यांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत तिची अंडी खायची नाहीत. आपल्या घरातल्या वेदनाशामक गोळ्या तर नकोच.

बरी झाल्यावर दिवसाढवळ्या कळपात सोडलीत तर बाकीच्या तिला परकी समजून टोचतात. रात्री अंधार पडल्यावर गुपचूप दांडीवर, दोघींच्या मध्ये बसवा. सकाळी लवकर उठून बघा. एखाददुसरी चोच बसेलच, पण रक्त दिसलं तर परत खोक्यात.