रसवंतीवर माश्या दिसल्या की पेटी उघडा

मे सरत आला की रसवंतीच्या चरकाखाली, चिपाडांच्या ढिगावर मधमाश्यांची झुंबड उडते. रसवाला फडक्यानं हाकलत राहतो, गिऱ्हाईक ग्लासावर हात धरून रस पितं. ज्याच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत त्यानं मात्र तिथून सरळ घर गाठावं आणि पेटी उघडावी. फुलात रस असेपर्यंत माशी सहसा चिपाडावर बसत नाही. ती तिथं आली म्हणजे शिवारातला फुलोरा संपला.

मोसंबी, करडई, कांद्याचं बियाणं हे सगळं उन्हाळ्याच्या तोंडालाच आटोपतं. कडुनिंब आणि करंज थोडाफार आधार देतात. मृगावर पेरण्या झाल्या की रान हिरवं होतं, पण सोयाबीन, तूर, कापूस तेव्हा नुसती रोपं असतात. माशीच्या लेखी ते रान रिकामंच. मघा निघेपर्यंत, म्हणजे साधारण ऑगस्टच्या मध्यापर्यंत, पेटी बहुतेक घरच्या साठ्यावर जगते. आपण मार्चमध्ये शेवटच्या थेंबापर्यंत मध काढून घेतलेला असला तर साठा कुठला?

पेटी मागच्या बाजूनं एका हातानं उचलून पाहा. हलकी लागली तर फ्रेम, म्हणजे पोळं बांधलेल्या चौकटी, तपासा. मेलिफेराच्या, म्हणजे परदेशी पाळीव माशीच्या, दहा फ्रेमच्या पेटीत दोन पूर्ण भरलेल्या फ्रेमइतका, म्हणजे पाचेक किलो मध शिल्लक असावा, असा माझा हिशोब. त्याहून कमी दिसला की साखरेचा पाक सुरू करा. सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी माशीच्या, बाबतीत तर थांबूच नका. सातेरी उपाशी बसून मरत नाही, सगळा संसार घेऊन उडून जाते.

पाक पांढऱ्या साखरेचाच करा. पाणी गरम करून चुलीवरून उतरवा, मग साखर घाला, ढवळा, कोमट झाल्यावर द्या. साखर घातलेलं पाणी उकळत ठेवू नका, आणि लिंबू किंवा सायट्रिक ॲसिड तर मुळीच घालू नका. आंबट आणि उष्णता एकत्र आली की साखरेतून एचएमएफ नावाचा घटक तयार होतो, तो माशीला विषारी आहे. साखर फोडायला माशीच्या लाळेतलं विकर पुरेसं असतं. पिठीसाखरही नको, तिच्यात बऱ्याचदा स्टार्च मिसळलेला असतो.

गुळाबद्दल विचारणारे दरवर्षी भेटतात. मीही एका जूनमध्ये साखर महाग म्हणून गुळाचं पाणी ठेवलं होतं. त्यातच तीन दिवस झड लागली. उघडीप झाल्यावर पाहिलं तर पेटीच्या तोंडावर, झाकणाच्या आतून, फ्रेमच्या काठांवर तपकिरी शिंतोडे. निरोगी माशी पेटीत विष्ठा टाकत नाही, बाहेर उडून टाकते. गुळातले क्षार आणि मळी तिला पचत नाहीत, पोट फुगतं, आणि पावसामुळं बाहेर पडता येत नाही. मग हगवण घरातच, आणि नोसेमा या आतड्याच्या रोगाचे बीजाणू असले तर तेही त्या शिंतोड्यांतून पसरतात. उसाचा रस, काकवी यांचंही तेच. दुकानातला किंवा दुसऱ्याच्या पेटीतला मधही देऊ नका, त्यातून पिलावा, म्हणजे पोळ्यातल्या अळ्या, सडवणारे रोग येतात.

पावसाळ्यात पाक घट्ट द्यावा, दोन किलो साखरेला एक लिटर पाणी. हवा दमट असते, पातळ पाकातलं पाणी उडवता उडवता माश्या दमतात आणि तो आंबतोही लवकर. मेलिफेराला एका वेळी अर्धा लिटर, सातेरीला पाव लिटरच्या आत, आठवड्यातून दोनदा. वाडग्यात ठेवणार असाल तर वर तुराटीचे बोटभर तुकडे तरंगत सोडा, नाहीतर सकाळी बुडालेल्या माश्या काढत बसाल. सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी द्या, पेट्यांची तोंडं लहान करा, थेंब सांडू देऊ नका. सांडलेल्या पाकावरून दुसऱ्या पेट्यांतल्या माश्यांची लुटालूट सुरू झाली की कमजोर पेटी अर्ध्या दिवसात रिकामी होते.

आता खरी गोष्ट. पाक म्हणजे माशीचं इंधन. उडायला, पंखांनी वारा घालायला, मेण गाळायला तिला तोच लागतो. पण अळी नुसत्या साखरेवर वाढत नाही. तरुण कामकरी माश्या पराग खातात आणि डोक्यातल्या ग्रंथींतून दुधासारखा रस पाझरवून अळ्यांना भरवतात. पराग नसला की आधी स्वतःच्या अंगातलं काढून देतात, आणि तेही संपलं की अळ्याच खाऊन टाकतात. हे ओळखायला सूर्याकडे पाठ करा, फ्रेम अशी धरा की ऊन खांद्यावरून पोळ्यातल्या घरांच्या तळाशी पडेल. बारीक अळी पांढऱ्या रसात तरंगताना दिसली तर उत्तम. कोरड्या तळाला चिकटलेली दिसली तर कितीही पाक ओता, उपयोग नाही.

तेव्हा चरबी काढलेलं, उष्णता दिलेलं सोयापीठ आणि यीस्ट घट्ट पाकात मळून पातळ थापटी फ्रेमवर ठेवा. तीन-चार दिवसांत संपेल एवढीच, नाहीतर बुरशी धरते. घरचं कच्चं सोयाबीन दळून घालू नका. त्यातली प्रथिनं पचू न देणारी द्रव्यं तशीच राहतात आणि त्यातल्या काही शर्कराही माशीला बाधतात.

मधाची बरोबरी मात्र साखर करत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की परागातून मधात उतरणारं पी-कुमॅरिक आम्ल माशीची विष पचवणारी जनुकं जागी करतं. साखरेत ते नसतं. आपल्याकडं नेमक्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनवर फवारण्या चालतात. म्हणून पुढच्या मार्चला मध काढताना दोन फ्रेम माश्यांना सोडा.

कारळं, सूर्यफूल यांच्या फुलोऱ्यासाठी फौज हवी असेल तर तयारी सहा आठवडे आधी. अंड्यातून माशी निघायला एकवीस दिवस, आणि ती बाहेर पडून रस आणू लागायला आणखी जवळपास तेवढेच. सप्टेंबरअखेरचा फुलोरा धरायचा तर मघा निघताच पाक पातळ करा, एक किलोला एक लिटर, थोडा थोडा आणि सलग. रानात रस वाहतोय असं वाटून राणी अंडी वाढवते. तुरीसाठी हेच सप्टेंबरअखेरीस.

वर मधाची कोठी, म्हणजे मध साठवायचा वरचा मजला, चढवण्याआधी पाक पूर्ण बंद. नाहीतर मधात साखर जाते, आणि उसाच्या साखरेतला कार्बन प्रयोगशाळेत लगेच ओळखू येतो.