संमतीचा तास: व्याख्येच्या आधी समजुती

नववी-दहावीच्या किंवा कनिष्ठ महाविद्यालयातील मुलामुलींशी संमतीविषयी बोलायचे ठरले की आपण शिक्षक बहुधा व्याख्येपासून सुरुवात करतो. मुले ती वहीत उतरवून घेतात आणि वर्गाबाहेर एखाद्या अत्याचाराची बातमी निघाली की 'टाळी एका हाताने वाजत नाही' असे सहज म्हणून जातात. म्हणून पहिला तास समजुती बाहेर काढण्यासाठीच राखून ठेवावा.

'मौन म्हणजे संमती', 'हसली की फसली', 'खरोखर नको असते तर ओरडली असती', 'मुलग्यांच्या बाबतीत असे होत नाही' अशी रोजच्या बोलण्यातील वाक्ये फळ्यावर लिहावीत आणि पटते की पटत नाही एवढेच प्रत्येकाला निनावी चिठ्ठीवर लिहायला सांगावे. हात वर करायला लावले, तर शिक्षकांना जे आवडेल तेच उत्तर मिळते. ज्यांना ती वाक्ये पटतात त्यांना रागावू नये, कारण ती त्यांनी मोठ्या माणसांकडूनच ऐकलेली असतात. मात्र प्रत्येक वाक्यात जबाबदारी कोणावर ढकलली आहे, हे त्यांच्याकडूनच शोधून घ्यावे. 'अब्रू लुटली' हा शब्दप्रयोगही चर्चेला घ्यावा: गुन्हा एकाने केला, मग अब्रू दुसऱ्याची कशी गेली?

यानंतर देसाईगंज पोलिस ठाण्यातील 1972 चे प्रकरण सांगावे. त्या वेळी चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या या ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप होता. (तिचे नाव सर्वत्र छापले गेले आहे, वर्गात ते घेऊ नये, आणि का घेत नाही हेही सांगावे.) सत्र न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निमूटपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे असे मानून त्यांना दोषी ठरवले. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो निकाल फिरवला आणि तिच्या अंगावर जखमा नसल्याचा आधार घेतला. फळ्यावरील तिसरे वाक्य देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत कसे पोहोचले होते, हे इथे मुलांना स्वतःलाच दिसते. घाईने पुढे न जाता त्यांना विचारावे, की भीतीने तुमचे हातपाय कधी गळाले आहेत का, वाचा बसली आहे का? बहुतेकांकडे कुत्र्याची, अपघाताची किंवा एखाद्या माराची आठवण असते, आणि 'ओरडली का नाही' या प्रश्नातील फोलपणा त्या आठवणीतून जितका उमगतो तितका कोणत्याही व्याख्यानातून उमगत नाही.

1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि 1983 मध्ये बलात्काराविषयीचा कायदा बदलला. 2013 च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्या कायद्यात आली, ती आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये आहे: शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य प्रकारे त्या विशिष्ट कृतीसाठी दिलेली निःसंदिग्ध, स्वेच्छेची तयारी, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येत नाही. व्याख्या या टप्प्यावर सांगितली, तर मुले तिच्यातील प्रत्येक शब्द तोलून पाहतात. अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती कायदा ग्राह्य धरत नाही, आणि बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा मुलग्यांनाही तेवढेच संरक्षण देतो, हेही स्पष्ट सांगावे.

दुसऱ्या तासाला नकार ऐकण्याचा सराव घ्यावा. वही मागणे, फोटो काढणे, खांद्यावर हात ठेवणे अशा साध्या प्रसंगांत एकाने विचारावे, दुसऱ्याने 'नको' म्हणावे आणि पहिल्याने कारण न विचारता 'बरं' म्हणून थांबावे. नकार म्हणजे अपमान ही समजूत मुलग्यांमध्ये फार खोल रुजलेली आढळते, त्यामुळे या सरावाला पुरेसा वेळ द्यावा.

तासाच्या सुरुवातीलाच एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. कोणी स्वतःवरील अत्याचाराबद्दल बोलले, तर पोक्सोच्या कलम 19 नुसार ती माहिती पोलिसांना देणे शिक्षकावर बंधनकारक असते, त्यामुळे 'कोणालाही सांगणार नाही' असे वचन देऊ नये. शांतपणे ऐकावे, 'तुझी चूक नाही' असे सांगावे, खोदून प्रश्न विचारू नयेत, आणि 1098 हा बालमदत क्रमांक तास संपेपर्यंत फळ्यावर ठेवावा.