टॉप आणि बेसची जुळणी: डीजे सेटअप कसा जोडावा

बेस कमी पडतोय म्हटलं की आणखी एक बेस (खालचा, जाड आवाज वाजवणारा बॉक्स) भाड्याने आणला जातो. पण अनेकदा आहेत तेच बॉक्स पुरेसे असतात. बिघडलेली असते ती टॉप (वरच्या पट्टीचा आवाज वाजवणारा बॉक्स) आणि बेस यांची जुळणी: टॉपवरच सगळा बेस चाललेला असतो, नाहीतर दोघं एकमेकांचा आवाज खात असतात. इथे १००-१५० माणसांच्या हॉलचा सेटअप धरला आहे: एक कंट्रोलर (लॅपटॉपला जोडलेलं, गाणी मिसळायचं डीजेचं यंत्र), दोन टॉप आणि १८ इंची दोन बेस.

कंट्रोलरपासून सुरुवात

मागे मास्टर आउटला (मुख्य आवाज बाहेर काढायच्या जागी) कॅनन (तीन पिनांचं एक्सएलआर) सॉकेट असेल तर तोच वापरा. त्याची केबल २०-२५ मीटर लांब गेली तरी गुणगुण पकडत नाही. फक्त आरसीए (टीव्हीला असते तशी एका पिनेची गोल जोडणी) असेल तर केबल दोन-तीन मीटरच्या आत ठेवा. अंतर जास्त असेल तर कंट्रोलरशेजारी छोटा मिक्सर ठेवा आणि लांबची केबल त्याच्या कॅनन आउटमधून काढा. आरसीए ते कॅनन केबल स्वतः बनवत असाल तर आरसीएची मधली तार कॅननच्या २ नंबरला, आणि जाळी १ व ३ दोन्हींना जोडा. ३ नंबर मोकळा सोडला तर काही मशीनवर आवाज अर्धा होतो.

डावा-उजवा आउट वाय पिन (दोन लाइनची एक करणारी जोडणी) लावून एकत्र करू नका. दोन आउटपुट एकमेकांवर जोर लावतात आणि आवाज फाटतो. मोनो हवा असेल तर कंट्रोलरच्या किंवा मिक्सरच्या सेटिंगमधून करा.

पॉवर्ड बॉक्स असतील तर

पॉवर्ड म्हणजे आतच ॲम्प्लिफायर असलेले बॉक्स. क्रम सोपा आहे: कंट्रोलर, मग बेसचे इनपुट, मग बेसच्या आउटपुटमधून टॉप. डाव्या बाजूची लाइन डाव्या बेसमधून डाव्या टॉपला, उजवी तशीच. मात्र बेसच्या मागचं आउटपुट 'थ्रू' आहे की 'हाय पास' हे नीट वाचा. हाय पास खालचा बेस कापून वरचा आवाजच पुढे सोडतो, तर थ्रूमधून पूर्ण सिग्नल जसाच्या तसा पुढे जातो. अशा वेळी टॉपवरचा हाय पास १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) आसपास लावावा लागतो. बेसच्या आउटपुटवर हाय पास असेल तर टॉपचा फिल्टर बंद ठेवा. दोन्ही लावले की ८० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात खड्डा पडतो आणि किक ड्रमचा ठोका पोकळ वाटतो.

ॲम्प्लिफायरवर चालणारे बॉक्स

इथे मध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे बेस आणि वरचा आवाज वेगळे करणारं मशीन, हवाच. डीबीएक्स २२३ एक्सएस हा ओळखीचा. तो स्टिरिओ टू-वे (डावी-उजवी बाजू, प्रत्येकी दोन भाग) किंवा मोनो थ्री-वे (एकच बाजू, तीन भाग) चालतो. स्टिरिओ टू-वे ठेवा. लो आउट बेसच्या ॲम्प्लिफायरला, हाय आउट टॉपच्या ॲम्प्लिफायरला, आणि कटिंग, म्हणजे दोन्ही जिथे वेगळे होतात ती जागा, १०० हर्ट्झवर. त्यावर रेंज दहापट करणारं बटण आहे. बटण बाहेर असताना रेंज ४५ ते ९६० हर्ट्झ असते, दाबलं की ४५० ते ९६०० होते. चुकून दाबलेलं राहिलं तर १०० ऐवजी १००० हर्ट्झवर कटिंग होतं: गाणाऱ्याचा आवाज बेसमधून घुमतो आणि टॉप नुसते चिरचिरतात. असा आवाज आला तर आधी हे बटण पाहा. ४० हर्ट्झचा लो कट चालू ठेवा. साध्या १८ इंची बॉक्सला त्याखाली फारसं वाजवता येत नाही. पेपर (स्पीकरचा हलणारा पडदा) उगाच पुढे-मागे होतो आणि कॉइल (त्याला हलवणारी तारेची गुंडाळी) तापते.

आता ओहमचा, म्हणजे बॉक्सच्या विद्युत रोधाचा हिशोब. ८ ओहमचे दोन बेस समांतर जोडले की ४ ओहम, चार जोडले की २ ओहम. ॲम्प्लिफायरवर किमान ४ ओहम लिहिलं असेल तर त्या चॅनेलवर तिसरा बॉक्ससुद्धा लावू नका. ब्रिज मोडमध्ये (दोन चॅनेल जोडून एकच लोड चालवताना) प्रत्येक चॅनेलला निम्मेच ओहम दिसतात. म्हणजे ४ ओहमचा लोड ब्रिजवर लावला की चॅनेलला २ ओहम. मशीन प्रोटेक्शनमध्ये जाणं हे त्याचं नेहमीचं लक्षण.

स्पीकॉनमध्ये (स्पीकर केबलची फिरवून बसवायची पिन) १+ आणि १− हे पॉइंट वापरा. बॉक्स आतून २+ आणि २− वर जोडलेला असेल तर केबल ठीक असूनही आवाज येत नाही.

केबलच्या जाडीत काटकसर नको. ४ ओहमच्या लोडवर २० मीटरची १.५ चौरस मिमी तांब्याची वायर सुमारे १० टक्के ताकद स्वतःच खाते. २.५ चौरस मिमीला हे प्रमाण साधारण साडेसहा टक्के, ४ चौरस मिमीला ४ टक्के. त्यामुळे टॉपला २.५ आणि बेसला ४ घ्या.

चालू करण्याचा क्रम

आधी लॅपटॉप आणि कंट्रोलर, मग क्रॉसओव्हर, सगळ्यात शेवटी ॲम्प्लिफायर किंवा पॉवर्ड बॉक्स. बंद करताना उलट, ॲम्प्लिफायर आधी. नाहीतर कंट्रोलर चालू-बंद होतानाचा धप्पा थेट पेपरवर बसतो. नॉब शून्यावर ठेवूनच सुरू करा. गाणं लावून चॅनेलचा ट्रिम (सुरुवातीची पातळी ठरवणारा नॉब) असा ठेवा की मीटर हिरव्यात राहील आणि ठोक्याला पिवळा लागेल. मग ॲम्प्लिफायर वाढवा. कंट्रोलरवर लाल लागला की लाट वरून-खालून कापली जाते. त्या कापलेल्या लाटेतून तयार होणारी वरच्या पट्टीची जादा ताकद टॉपमधल्या ट्वीटरची (वरच्या पट्टीच्या छोट्या स्पीकरची) कॉइल जाळते.

फेज जुळवणं

फेज जुळणं म्हणजे दोन बॉक्सच्या लाटा एकाच वेळी वर-खाली होणं. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे ३.४ मीटर असते. ऐकणाऱ्यापर्यंतच्या अंतरात टॉप आणि बेस यांच्यात १.७ मीटरचा फरक पडला तर नेमक्या कटिंगच्या जागी दोघं एकमेकांना पुसून टाकतात. म्हणून टॉप बेसवरच पोल लावून उभे करणं सर्वांत सोपं.

तपासण्यासाठी एक टॉप आणि एक बेस चालू ठेवा, १०० हर्ट्झचा टोन बारीक आवाजात वाजवा, पाच-सहा मीटरवर उभे राहा आणि दुसऱ्याला बेसचं पोलॅरिटी (लाट उलटी करणारं) बटण दाबायला सांगा. आवाज ज्या बाजूला मोठा, तेच सेटिंग ठेवा. दोन्हीकडे सारखाच वाटला तर फरक पाव लाटेच्या, म्हणजे ८५ सेंटिमीटरच्या आसपास आहे. बेस पुढे-मागे सरकवून पुन्हा पाहा.

दोन बेसमध्येही हेच घडतं. शेजारी ठेवून आधी एक, मग दोन्ही वाजवा. दुसरा लावल्यावर बेस कमी झाला तर एकाच्या तारा उलट्या आहेत. ॲम्प्लिफायरपासून सोडवलेल्या बॉक्सच्या १+ ला ९ व्होल्टच्या बॅटरीचं प्लस आणि १− ला मायनस क्षणभर टेकवा. पेपर बाहेर आला पाहिजे. पॉवर्ड बॉक्सवर हा प्रयोग करू नका.

हॉलच्या दोन टोकांना एकेक बेस ठेवला की काही जागी बेस दणकतो आणि काही जागी गायब होतो. स्टेजसमोर मधोमध दोन्ही जोडून ठेवले तर तो सगळीकडे बराच सारखा पसरतो. मग टॉप दोन बाजूंना स्टँडवर जातात, तेव्हा वरची फेजची तपासणी दोन्ही टॉपसाठी करा.

गुणगुण आली तर

आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर दोष तिथेच. नाही थांबला तर कंट्रोलर, क्रॉसओव्हर आणि ॲम्प्लिफायर एकाच ठिकाणाहून वीज घेतात का ते बघा. वेगवेगळ्या बोर्डांच्या अर्थिंगमधून ५० हर्ट्झची घरघर येते. अर्थची पिन मात्र कधीच तोडू नका. मंडपात ओल्या जमिनीवर ती जीव वाचवते. गरज पडली तर ऑडिओ लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांचा थेट संबंध तोडून आवाज पुढे देणारा) लावा. १६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा २३० व्होल्टला सुमारे ३.६ किलोवॉट आहे. एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण सोडा, गुंडाळलेली वायर तापते.

आवाजाची मर्यादा

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ आहे. ही डेसिबल-ए मध्ये मोजतात, आणि त्या मोजणीत ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी दिसतो. त्यामुळे मीटरवर आकडा ठीक दिसत असतानाही शेजारच्या खिडक्या थरथरतात. वस्तीत वाजवताना मीटरबरोबर हद्दीवर स्वतः जाऊन ऐका आणि बेसच्या ॲम्प्लिफायरचा नॉब तिथल्या आवाजावरून ठरवा.